फोटोतला मित्र

"मला पहिल्यापासून हाच आवडला होता," दिव्याचा खोका गल्ल्यावर ठेवत ती म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं. गल्ल्यावरच्या मुलीने खोका उलटसुलट करून किमतीची चिठ्ठी शोधली, मग मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि ओठ आत घेऊन हसू दाबलं. "बाई, पण हा तुम्हीच मांडलाय ना. परवाच."

एवढंच झालं. छत कोसळलं नाही, कुणी वावगं बोललं नाही. पण तिचा हात खोक्यावर होता तो तिथेच राहिला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या, लहानपणी खोटं पकडलं गेल्यावर व्हायच्या तशा. गंमत म्हणजे ती खोटं बोलली नव्हती. दिवा तिला खरोखरच आवडला होता. सुट्टीच्या दिवशी ती आपल्याच दुकानात गिऱ्हाईक होऊन आली होती, दिव्यांच्या फळीपुढे उभी राहिली होती, डावीकडचा बघितला होता, उजवीकडचा बघितला होता, आणि मधला उचलताना मनात असं काही हललं होतं की जणू तो दिवा इतके दिवस तिचीच वाट बघत होता. हे हलणं तिच्या चांगल्या ओळखीचं असायला हवं होतं. केस काळे होते तेव्हापासून ती दुसऱ्यांच्या मनात तेच हलवण्याचा पगार घेत आली होती. चार मजली घरसामानाच्या त्या दुकानात कुठली वस्तू कुठल्या फळीवर बसणार हे ती ठरवायची. माणूस दारातून आत आला की आधी उजवीकडे वळतो. डोळ्यासमोर असतं ते हाती येतं, गुडघ्यापाशी असतं ते पोरांच्या हाती येतं आणि पोरं ते सोडत नाहीत. आणि एखादी वस्तू खपवायची असेल तर तिची स्तुती करू नये, तिच्या शेजारी दुसरी उभी करावी. दिव्यांच्या फळीवर डावीकडे सोनेरी पायांचा एक महागडा अगडबंब दिवा होता. तो विकायचा नव्हताच, कुणी मागितला असता तर पंचाईतच झाली असती. उजवीकडे एक मरतुकडा होता, हात लावला की मान टाकणारा. त्या दोघांच्या मधे हा, गोल, दुधी काचेचा, शहाण्या मुलासारखा. बाजूच्या अशा वस्तूला दुकानात 'फोटोतला मित्र' म्हणत. लग्नाळू मुलाने फोटो काढताना शेजारी आपल्याहून बेढब मित्राला उभं करावं, त्यातली गत. हे नावही तिनेच पाडलं होतं.

शिडीवर चढून बल्ब बदलणारा दिवेवाला वरूनच म्हणाला, "आचाऱ्याला आपल्या हातचं गोड लागत नाही म्हणतात. तुम्ही तर ताट पुसून खाल्लंत."

"खाली उतरा, मग बोला," ती म्हणाली. "वरून आलेलं मला देवाचं वाटतं."

दोघं हसली, तीही हसली, आणि खोका काखेत मारून बाहेर पडली. पण फुटपाथवर आल्यावर हसू निघून गेलं आणि ते वाक्य तेवढं उरलं. पहिल्यापासून. हे वाक्य तिने याच महिन्यात आधी एकदा वापरलं होतं, तोच स्वर, तोच हेल, शेवटी तोच सुस्कारा. "मला पहिल्यापासून तुझ्याकडेच यायचं होतं गं," असं ती ताईला म्हणाली होती. म्हणूनच तर हा दिवा. ताईच्या मागच्या खोलीत पलंगाच्या उशाशी ठेवायला.

भावजी गेल्यापासून ताई एकटी होती. ती स्वतः तर आई गेल्यापासूनच एकटी, चौथ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. ताईने राहायला येण्याचा विषय काढला तेव्हा कसा काढला होता? फुटपाथवरच्या गर्दीत ती आठवत चालली. ताई म्हणाली होती, मुंगे, तुझे ते चार जिने आता बघवत नाहीत. पडलीस तर कळायचं कुणाला? मग म्हणाली, आपल्या मावसबहिणीकडे एक खोली रिकामी आहे, भिंतीला ओल आहे म्हणे आणि तिचा नवरा तोंडाने पेटी वाजवतो दिवसभर, पण तू म्हणशील तर मी शब्द टाकते. आणि अगदी शेवटी, कपबशा उचलता उचलता, पाठमोरी होऊन म्हणाली, नाहीतर माझी मागची खोली आहेच पडून. डावीकडे जिने, उजवीकडे ओल. मधे ती खोली, शहाण्या मुलासारखी. आणि ती ते वाक्य बोलली होती. त्या रात्री गाढ झोपली होती, मोठ्या समाधानाने, की आयुष्यात एक निर्णय तरी आपण आपल्या मर्जीने घेतला. उद्या सकाळी घरमालकाला उत्तर द्यायचं होतं, राहणार की सोडणार. सोडणार म्हटलं की दुसऱ्या दिवशी तिथे दुसरं बिऱ्हाड येणार होतं, दुकानातली फळी रिकामी राहत नाही तसं.

ताई हे शिकली कुठे, हा प्रश्न विचारायची गरज नव्हती. आई. आईने त्या दोघींना कधी हुकूम सोडला नाही, आवाज चढवला नाही, शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या काय मोकळीक दिलीय हो मुलींना. निळा झगा घालतेस की हिरवा? आधी गणित करतेस की आधी कविता पाठ करतेस? डॉक्टरकडे चालत जाऊ या की बसने? आणि छोटी मुंगी, जिला बिस्किटं एका ओळीत मांडल्याशिवाय खाता यायची नाहीत म्हणून ते नाव पडलं, ती कपाळाला आठ्या घालून विचार करायची आणि म्हणायची, बसने. आई म्हणायची, बघ, तू म्हणालीस तसंच. मुंगी खिडकीच्या जागेवर राणीसारखी बसायची. डॉक्टरकडे जायचं की नाही हा प्रश्न त्या घरात जन्मालाच आला नव्हता. सुई टोचेपर्यंत आपण जिंकलोय असंच तिला वाटत राहायचं. आणि बाबा होते ते दुसऱ्या टोकाला. त्यांचं पहिलं उत्तर ठरलेलं, नाही. पोहायला जाऊ? नाही. पाहुण्यांना बोलवू? नाही. त्यांचा नकार ओलीने फुगलेल्या दारासारखा होता, खांदा लावून जरा ढकललं की उघडायचा. पण आवाज मात्र दार कायमचं बंद असल्यासारखा यायचा.

म्हणजे हे असं आहे तर, ती मनाशी म्हणाली. आणि मग तिला राग आला. राग आला की तिची चाल बदलायची, टाचा वाजायच्या. सरळ ताईकडे जायचं आणि नाही म्हणून सांगायचं. नाही, नाही, नाही. तिसरा नाही तिच्याही नकळत तोंडातून बाहेर पडला आणि समोरून येणारी एक बाई दचकून बाजूला झाली. तो तिचा आवाज नव्हता. तो बाबांचा होता, घशाच्या तळातून निघणारा, शेवटी थोडा खरखरणारा. ती थबकलीच. हो म्हणावं तर आईची फळी, नाही म्हणावं तर बाबांची. मग आपली कुठली? या एवढ्या मोठ्या दुकानात, म्हणजे आपल्या या डोक्यात, आपण स्वतः आणून ठेवलेली एखादी तरी वस्तू आहे का?

पुढे चौक होता. इथून ताईकडे जायला ती नेहमी उजवीकडे वळायची. आज डावीकडे वळून बघू, तिने ठरवलं, आणि दोन पावलं टाकल्यावर लक्षात आलं की उजवीकडे नाही म्हणूनच आपण डावीकडे चाललोय. झगा उलटा घातला तरी झगा तोच. बरं, मग सरळ. पण सरळ जावंसं का वाटलं, तर सिग्नल हिरवा होता म्हणून. ती उभी राहिली. काही कारण नसलेली एक गोष्ट करायची, फक्त एक, आतून आलेली, कुणी न पेरलेली. तिने आत कान लावला. आत पोटात भूक होती, गुडघ्यात कळ होती, काखेत खोक्याचा कोपरा टोचत होता आणि कुठूनतरी तव्यावर काहीतरी भाजल्याचा वास येत होता, त्या वासाकडे पाय आपोआप वळू बघत होते. मागून एक जाडजूड गृहस्थ खाकरले. "बाई, जायचंय की उभं राहायचंय?"

दोनच पर्याय, ती मनात म्हणाली. यांनाही आईनेच पाठवलेलं दिसतंय. तिला हसू आलं, पण ते पुरतं आलं नाही, कारण हसण्याच्या पाठोपाठ दुसरंच काहीतरी वर आलं, तळाला बसलेलं. ती दोन स्थळं. तिच्या लग्नाचं बघत होते तेव्हाची. एक घड्याळं दुरुस्त करणारा होता, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करायचा, त्यामुळे त्याचं वाक्य सुरू होईपर्यंत ऐकणाऱ्याची पाच मिनिटं पुढे गेलेली असायची. दुसरा दातांचा डॉक्टर, तो बोलताना तिच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघायचा आणि मधेच मान तिरकी करायचा. तिने दोघांनाही नाही म्हटलं होतं. मग तिसरं स्थळ आलं नाही, आणि ती आईजवळ राहिली, आईचे पाय चेपले, आईची औषधं दिली, शेवटी आईचे डोळे मिटले. लोक हळहळायचे तेव्हा ती मान ताठ करून सांगायची, माझी मी राहिले, मला कुणी ठेवलं नाही. या एका वाक्याच्या आधारावर तिचं सगळं आयुष्य उभं होतं. आणि आता भर रस्त्यात तिला ती फळी दिसली. डावीकडे घड्याळवाला, उजवीकडे दातवाला. फोटोतले मित्र. आणि मधे आईचं घर.

तिला रस्त्याकडेच्या कठड्यावर बसावं लागलं. माणसं जात होती, कुणी पिशवी घेऊन, कुणी पोराचं बोट धरून, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर आपणच निघालोय असा भाव होता. तिला त्यांचा हेवा वाटला आणि कीवही आली. मग, का कोण जाणे, तिला आपलं स्वयंपाकघर दिसलं. त्याच्या खिडकीखाली गाडी शिकवणाऱ्यांचं एक मैदान होतं. सकाळी चहा घेऊन ती खिडकीत उभी राहायची आणि शिकाऊ लोक रिकाम्या पिंपांच्या मधून गाडी मागे घेताना बघायची. पिंप पडलं की मैदानभर ढणढण व्हायचं. ती वरून पुटपुटायची, वळव, आता वळव, अगं मागे बघ. तिला स्वतःला गाडी येत नव्हती. पण एखादी घाबरट बाई एकही पिंप न पाडता मागे आली की तिचा अख्खा दिवस चांगला जायचा. ही खिडकी तिला कुणी दिली नव्हती. खोल्या बघायला गेली तेव्हा दलालाने पुढची गॅलरीच दाखवली होती, झाडं दाखवली होती, ही खिडकी तर तो लपवत होता, आवाज फार येतो म्हणून. ती उठली. उत्तर सापडलं म्हणून नव्हे, कठडा गार होता म्हणून. पण टाचा आता वाजत नव्हत्या.

ताईने दार उघडलं ते हात पुसत. "आलीस? ये. लिंबाचा चहा करू की दुधाचा?"

"पाणी," ती म्हणाली.

ताईने क्षणभर बघितलं आणि पाणी आणलं. मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. ती धंद्याच्या डोळ्याने बघत राहिली. पलंग खिडकीकडे सरकवलेला, चादर नवी, कपाटाचा अर्धा भाग रिकामा करून दार मुद्दाम किलकिलं ठेवलेलं, म्हणजे येणाऱ्याला रिकामी जागा दिसावी. उत्तम मांडणी. दुकानात असती तर तिने ताईला कामावर ठेवलं असतं.

"खोक्यात काय आहे?" ताईने विचारलं.

"दिवा. या खोलीसाठी घेतला होता."

'होता' ताईला बरोबर लागला. ती खुर्चीत बसली. "काय झालं? कुणी काही बोललं का?"

"त्या मावसबहिणीच्या खोलीला खरंच ओल आहे का गं?"

ताईने पदराशी चाळा केला. "असेल. मला काय माहीत. मी कुठे बघायला गेलेय."

"आणि तिचा नवरा तोंडाने पेटी वाजवतो?"

"एकदा वाजवली होती. एका लग्नात." ताईने मान झटकली. "बरं मग? मी काय वाईट केलं? तुझं भलंच होतं त्यात."

"विचारायचं होतंस मला."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"कदाचित म्हणाले असते."

"म्हणून तर नाही विचारलं," ताई म्हणाली, आणि आपण किती सरळ बोलून गेलो हे कळून तिचाच चेहरा उतरला. भिंतीपलीकडे कुणाचा तरी नळ सुरू झाला आणि बंद झाला. "आपल्या घरात सरळ विचारलंय का कधी कुणी? आईने नाही, बाबांनी नाही. मला तर ह्यांनीसुद्धा विचारलं नव्हतं, म्हणाले साखरपुडा या महिन्यात करायचा की पुढच्या."

तिला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात तिने मघाचं सगळं ओकून टाकलं, घड्याळवाला, दातवाला, मधलं आईचं घर. ताई ऐकत होती, भुवया हळूहळू वर चढत होत्या.

"काहीतरीच काय," ताई म्हणाली. "ती स्थळं बाबांनी आणली होती. आईला तर तो दातवाला फार आवडला होता. तू नाही म्हणालीस तर आठवडाभर धड बोलली नाही तुझ्याशी."

"मला म्हणाली दाढ दुखतेय."

"दाढबिढ काही नाही. जावई गेला म्हणून. आणि तू तरी कशी, एवढा बरा मुलगा. मी तुझ्या जागी असते तर डोळे झाकून हो म्हटलं असतं. आम्ही सगळे त्याच्या बाजूने होतो मुंगे, तुला आठवत नाही? बाबासुद्धा हो म्हणाले होते. बाबा."

तिला आठवत नव्हतं. किंवा आता आठवू लागलं. बाबा दारात उभे, हो म्हणायचा सराव नसल्यामुळे अवघडलेले. आई हौसेने नवे कप काढताना. सगळ्या घराने फळी मांडली होती आणि मधोमध दातवाला ठेवला होता, आणि विशीतल्या एका मुलीने, जिला निळा की हिरवा एवढंच येत होतं, हात मागे घेतला होता. का? कारण तो दातांकडे बघायचा. बस एवढंच. बाबांकडून तिने नकाराचा आवाज घेतला असेल, आईकडून पारखी नजर घेतली असेल, पण तो नकार दोघांनाही नको होता. इतकी वर्षं तो तिच्याजवळच पडून होता, आणि आत्ता तासापूर्वी ती तो नकार आईच्या नावावर करून मोकळी झाली होती.

"ताई," ती म्हणाली, "आता विचार मला."

"काय विचारू?"

"तेच. पण नुसतं विचार. शेजारी दुसरं काही उभं करू नकोस."

ताईने पदर सारखा केला. "तू इकडे येतेस, की मी आपली..."

"ताई."

"बरं बरं. हे बघ, तुझे ते गुडघे..."

"गुडघे राहू देत."

 थोरली बहीण, सगळ्यांच्या बारशा-बाळंतपणांना पुढे असणारी, पन्नास माणसांचा स्वयंपाक उरकणारी, ती आता पहिल्यांदा पोहायला आलेल्या माणसासारखी काठावर उभी होती. तिचा ओठ थरथरला. "मला रात्री घरात एकटीला भीती वाटते," ती म्हणाली. "माझ्याकडे राहायला येशील?"

 तिच्या आत सगळे येऊ लागले. आई आली, म्हणाली अगं बहीण आहे तुझी. बाबा आले, त्यांनी नाही म्हटलं. चार जिने आले धापा टाकत. भाडं आलं, म्हातारपण आलं काठी टेकत, ती खिडकी आली, तिच्याखालची पिंपंही ढणढणत आली. ताईचा थरथरता ओठ तर समोरच होता. एकेकाला तिने ओळखलं, या म्हटलं, बसवून घेतलं, कुणाला हाकललं नाही. ज्याने त्याने आपलं म्हणणं मांडलं. खरं होतं सगळ्यांचं. मग ते बोलून थांबले आणि तिच्याकडे बघू लागले. सगळं ऐकून झालं होतं आणि तरी उत्तर अजून यायचंच होतं. ते आपोआप येत नव्हतं. एवढ्या सगळ्यांनी मिळून घडवलेली एक बाई तिथे बसलेली होती, नाक आईचं, आवाज बाबांचा, खोड मुंगीची, आणि तोंड उघडायचं तर तिलाच उघडायचं होतं. तिच्या ऐवजी ते काम करायला त्या अख्ख्या गोतावळ्यात कुणीही नव्हतं. हे कळलं तेव्हा तिला भीती वाटायला हवी होती. तिला वाटलं, छातीत कुणी तरी मोठी खिडकी उघडलीय.

"नाही," ती म्हणाली. तो आवाज खरखरला नाही. "नाही येणार ताई. मला माझ्या घरी राहायचंय. रोज येईन असंही कबूल करत नाही. यावंसं वाटलं की येईन, आणि तुला भीती वाटली की फोन करायचा, मी रात्रीची सुद्धा येईन. पण राहायला नाही."

 ताईचे डोळे भरले, एक थेंब गालावर आला, तो तिने पुसला नाही. मग तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितलं, आत काही मोडलंय का ते चाचपावं तशी.

"मेले नाही गं मी," ताई आश्चर्याने म्हणाली. "तू नाही म्हणालीस, आणि मी आहे बसलेली."

"आहेस की."

"साठ वर्षं मी या एका शब्दाला घाबरत आले. एवढासा तर आहे." ताई उठली, मागच्या खोलीत गेली, कपाटाचं किलकिलं दार धाडकन लावून आली. "तिथे मी माझं शिवणाचं मशीन ठेवणार. इतके दिवस जागा नव्हती."

तिला भडभडून आलं. तिने विचारलं, "ताई, आज मी इथेच जेवू का?"

ताईने तोंड उघडलं. हो, हो, बस ना, काय करू, भात की पोळी, हे सगळं तिच्या जिभेवर आलेलं स्पष्ट दिसत होतं. मग तिने ते गिळलं. एक नवीनच, खट्याळ उजेड तिच्या चेहऱ्यावर पसरू लागला.

"नाही," ताई म्हणाली. "आज नाही. मला दमायला झालंय आणि एकटीलाच बसायचंय जरा. जा तू."

 मग दोघींत आधी कुणाला हसू फुटलं ते सांगता येणार नाही. ताई खुर्चीची पाठ धरून हसत होती, ती दाराला टेकून हसत होती, पलीकडच्या शेजाऱ्याने भिंतीवर टकटक केली तर त्याचंही हसू आलं. "निघ," ताई डोळे पुसत म्हणाली, "निघ, नाहीतर मी परत चांगली वागायला लागेन." आणि खरोखरच तिला दाराबाहेर लोटून कडी लावून घेतली. कडीच्या मागून हसण्याचा आवाज येत राहिला.

दिव्याचा खोका आतच राहिला होता, जिना उतरताना तिचे गुडघे दुखत होते, पोटात भुकेने कावळे ओरडत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी तिला घरातून हाकललं होतं. ती रस्त्यावर आली. दिवेलागण झाली होती, दुकानं उघडी होती, माणसं येत-जात होती. आता कुठे जायचं ते अजून ठरलं नव्हतं, आणि ते ठरवायला ती होती.